विवाहाचं पान

"धीर धर" असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या मंडळीत हा सल्ला दर रविवारी फुकट मिळतो, आणि सगळ्यांत जास्त तो माझ्या मामाच्या वाट्याला आला. मामा बाइंडर होता. चर्चची गीतपुस्तकं, शाळेची हजेरीपुस्तकं, इस्पितळाच्या वह्या, घराघरांतली फाटकी बायबलं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. लोक त्याला बाइंडर म्हणूनच हाक मारायचे. पाळकसाहेबसुद्धा प्रार्थनेत "आमचे बंधू बाइंडर" म्हणायचे, जणू देवालाही दुसरं नाव माहीत नसावं.

रस्त्याकडची खोली हे त्याचं दुकान. तिथं एक उंच टेबल, पुठ्ठे कापायचं पातं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. खळ तो स्वतः शिजवायचा आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर विषारी मोरचूद टाकायचा. त्या पातेल्याला हात लावायचा नाही, असा मला दम होता. कोपऱ्यात शिकंजा होता: दोन जाड फळ्या आणि त्यांना आवळणारा लोखंडी मळसूत्री दांडा. शिवून, चिकटवून झालेलं पुस्तक त्यात आठ दिवस दाबून ठेवायचं, हा मामाचा नियम. गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी आठ म्हणजे आठ. एकदा पाळकसाहेबांनी उत्साहाच्या भरात ओली नोंदवही उघडली, तर मामानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "साहेब, ओलं पुस्तक उघडलं की जन्मभर वाकडं राहतं," एवढंच म्हणाला.

मागच्या खोलीत आई आणि मी राहायचो. माझे वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मामानं एका शब्दानं न विचारता आपली खाट दुकानात नेली आणि ती खोली आम्हाला दिली.

आमच्या घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. मामाची प्रार्थना मला तोंडपाठ होती: आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, माझ्या अभ्यासासाठी, आणि शेवटी नेहमी एक वाक्य, "सिस्टरच्या आईला आयुष्य दे." सिस्टर म्हणजे इस्पितळातली नर्स. चर्चमध्ये आमच्या समोरच्या बाजूच्या बाकावर बसायची. तिची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली होती. मंडळीत आजारी माणसं कमी नव्हती, मग हिच्यासाठीच रोजची हजेरी का, हे मला कळायचं नाही. एकदा मी विचारलंही. मामा म्हणाला, "चहा निवतोय तुझा."

सोळाव्या वर्षी मी त्याला पिच्छा पुरवून बोलतं केलं. तो जुजबंदीला, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे एकत्र शिवायला बसला होता. दाभणानं भोकं पाडता पाडता, माझ्याकडे न बघता, त्यानं सांगितलं. बत्तीस वर्षांचा असताना त्यानं सिस्टरला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आई आहे तोवर नाही. थांबाल?" आणि हा म्हणाला होता, "थांबतो."

"मग लग्न करून तिच्या आईला इकडे आणायचं," मी म्हटलं. सोळाव्या वर्षी सगळं सोपं असतं.

"कुठं आणायचं?" मामा म्हणाला.

मी आमच्या मागच्या खोलीकडे पाहिलं. सिस्टरला इस्पितळाच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. वॉर्डातून धावत जाऊन ती आईला कूस बदलून द्यायची, पाणी पाजायची. पण ते क्वार्टर बिनलग्नाच्या नर्सेसनाच मिळायचं. लग्न केलं की ते जाणार, आणि इकडे एक खोली, तीही आमच्या ताब्यात. मामाच्या थांबण्यात आम्हा दोघी मायलेकींचाही वाटा होता. हे मला त्या दिवशी कळलं आणि आजही टोचतं.

"पण मग तिच्या आईला आयुष्य कशाला मागतोस?"

मामानं दोरा तोडला. "माझ्या मनासारखं व्हायचं तर एका माणसानं मरायला हवं. असली प्रार्थना कुणी करतं का? गुडघे टेकले की तोंडाशी तेच यायचं. म्हणून मी उलटं मागायला लागलो."

आणि प्रभूनं त्याची एवढी एकच प्रार्थना ऐकली. अगदी मनापासून ऐकली. मामानं लग्नाचं विचारल्यापासून म्हातारी एकोणीस वर्षं जगली.

दर रविवारी उपासना संपली की मामा तिला शुभवर्तमान वाचून दाखवायला जायचा. कधीकधी मीही जायचे. म्हातारीला अर्ध्या तोंडानं बोलता यायचं, पण जीभ चांगली धारदार होती. "काय रे पुस्तकवाल्या, अजून एकटाच? कुणी भेटली नाही होय?" ती विचारायची. सिस्टर तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी असायची. मामा म्हणायचा, "बघतोय, आजी." सिस्टर कप ठेवायची आणि बशीत एक थेंब सांडायचा नाही. त्या दोघांना मी एकदाही एकमेकांच्या जवळ बसलेलं पाहिलं नाही. दुकानात परत आल्यावर मात्र मामा कोऱ्या कागदांचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडे करायचा. त्याला ती हवी होती. देवभोळा होता म्हणून त्याला काही हवंच नव्हतं असं जे समजतात, त्यांना मी सांगते: मी ते गठ्ठे हलताना पाहिले आहेत.

म्हातारी एका साध्या सकाळी, भरवता भरवता गेली. दफनाच्या वेळी सगळ्यांत जास्त रडला तो मामा. लोक बघायला लागले. मला वाटलं, चला, वर्षभर दुखवटा पाळतील आणि मग चर्चमध्ये दोघांची नावं पुकारली जातील. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचतात. मी मनातल्या मनात साडीसुद्धा ठरवली होती.

वर्ष गेलं. दीड वर्ष झालं. मामाच्या तोंडाला कुलूप. पाळकसाहेबांना सगळी गोष्ट ठाऊक होती. ते म्हणाले, "प्रभूची वेळ येईल. धीर धरा." प्रभूची वेळ दारात येऊन ताटकळत उभी आहे आणि हा माणूस कडी काढत नाही, हे त्यांना कुणी सांगावं?

मग एके दिवशी सिस्टर दुकानात आली. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते; टेबलाच्या टोकाला उत्तरपत्रिका तपासत होते. तिनं पिशवीतून आईचं बायबल काढलं. जाडजूड, पाठ उसवलेलं. जुना करार आणि नवा करार यांच्या मधे घरच्या नोंदींची पानं होती: जन्म, विवाह, मृत्यू. तीन पिढ्यांच्या अक्षरांनी ती भरून गेली होती.

"नेहमीसारखं करा," ती म्हणाली. "भरलेल्या पानांमागे कोरी पानं घालता ना, तशी घाला."

ही मामाची पद्धतच होती. घरचं बायबल आलं की तो प्रत्येक भरलेल्या नोंदीमागे एक कोरं पान घालायचा, न सांगता, न विचारता. "घर पुढं चालणारच," असं म्हणायचा.

"आठ दिवस शिकंज्यात राहील," मामा म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि थोडी हसली. जाताना दारात उगाच थांबली. मामा तोवर पाठीचे जुने दोरे काढायला लागला होता.

त्या बायबलाइतकं सुंदर काम त्यानं कधी केलं नसेल. काळं कापड, सरळ पाठ, एकही सुरकुती नाही. सिस्टर न्यायला आली आणि तिनं ते तिथंच, उभ्या उभ्या उघडलं. मृत्यूच्या नोंदींमागे कोरं पान होतं. तिच्या आईचं नाव लिहायचं होतं ना. तिनं मागं उलटलं, पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं गेली.

"विवाहामागचं कोरं पान कुठं आहे?"

"ते... घातलं नाही."

"का?"

मामा फडक्यानं कात्री पुसायला लागला. कात्री स्वच्छच होती. "वाटलं, आता कशाला लागेल."

सिस्टरनं बायबल मिटलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आता कशाला लागेल." तिनं बायबल पिशवीत घातलं आणि चहाला न थांबता गेली.

पुढच्या रविवारी ती तिच्या बाकावर नव्हती. अगदी मागे, दारापाशी जाऊन बसली होती. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मामा गीतपुस्तक उलटं धरून बसला होता. ज्यानं ते बांधलं होतं त्यानंच.

बुधवारी दुपारी माझा बांध फुटला. "ती बायबल बांधून घ्यायला आली नव्हती, मामा! ती पान मागायला आली होती! एवढी वर्षं थांबलेली बाई स्वतःच्या पायानं दुकानात आली, आणि तू तिच्या हातात काय ठेवलंस? तुझा नकार ठेवलास!"

"नकार?" मामानं हातातलं दाभण खाली ठेवलं. "मला वाटलं, कोरं पान दिसलं की तिला दुखेल. दर वेळी दुखेल. आणि माझी हाव मी तिच्या आईच्या बायबलात कशी शिवू?"

"मग विचारायचं होतंस!"

तो स्टुलावर बसला. "म्हातारीवर माती टाकताना माझ्या मनात पहिलं काय आलं, माहीत आहे? आता ती मोकळी झाली. एकोणीस वर्षं आयुष्य मागून शेवटी मनात हेच. मला माझीच शिसारी आली गं. आणि जे मागायचं नाही म्हणून इतकी वर्षं दाबून ठेवलं, ते मागायला आता तोंडच उघडत नाही."

मला त्याचा राग आला होता तेवढीच त्याची कीवही आली. पण मी धीर धर म्हटलं नाही. "हाव असली तर असू दे," मी म्हटलं. "देवाला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त सिस्टरला."

मामा उठला आणि तसाच गेला. अंगात खळीनं कडक झालेला एप्रन, पायात घरातल्या चपला, दुकान सताड उघडं, चुलीवर खळ उकळतेय. ती मी उतरवली. मोरचुदाचं भय विसरून पातेल्याला पहिल्यांदाच हात लावला.

अर्ध्या तासानं दोघं आली. सिस्टर ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांत होती, पिशवी छातीशी धरलेली. ती स्टुलावर बसली. मामा टेबलापलीकडे उभा राहिला, गिऱ्हाइकासमोर राहतो तसा.

"माझ्याकडून पान राहिलं," तो म्हणाला. "चूक झाली."

"राहिलं, की विचार करून ठेवलं नाहीत?"

"विचार करून केलेली चूक."

"आणि आता?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तरपत्रिकेत डोकं खुपसलं.

"आता मला पान घालायचंय," तो म्हणाला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. पहिल्या दिवसापासून करायचं होतं. तुम्ही थांबा म्हणालात तर अजून थांबेन."

"मी थांबा म्हणणार नाही," सिस्टर म्हणाली. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. "तुम्ही दीड वर्षं काही बोलला नाहीत. मला वाटलं, थांबून थांबून तुमच्यातलं सगळं वाळून गेलं."

मामानं बायबल उघडलं. कोरं पान मापात कापलं, कडेला बोटभर रुंदीची खळ लावली आणि विवाहाच्या पानामागे ते बसवलं. बोटानं दाबत दाबत खालपर्यंत आला. पान सरळ बसलं. मग त्यानं शिकंज्याच्या फळ्या सैल केल्या.

"किती दिवस?" सिस्टरनं विचारलं.

"आठ."

"नाही."

"अहो, खळ ओली आहे."

"तीन रविवार नावं पुकारतील. तेवढं थांबणं चर्चचं आहे, ते थांबेन. पण आपली नावं आत्ता लिहा. तारीख मागून घालू."

"शाई फुटेल, सिस्टर."

"फुटू दे."

पाळकसाहेबांच्या हातून ओली वही काढून घेणारा माणूस माझ्याकडे वळला आणि त्यानं माझं पेन मागितलं. उत्तरपत्रिका तपासायचं लाल पेन होतं. मी घाईनं दुसरं शोधलं, निळं. त्यानं आधी तिचं नाव लिहिलं, खाली आपलं. कडेला ओल होती तिथं दोघांच्या नावांची पहिली अक्षरं पसरली. सिस्टर वाकून बघत होती. मग बायबल तसंच उघडं ठेवून आम्ही तिघांनी चहा घेतला.

ती माझी मामी झाली तेव्हा मामा त्रेपन्न वर्षांचा होता. त्यांना नऊ वर्षं मिळाली, मग मामा गेला. साडेवीस वर्षं थांबून नऊ. हे मला पटलेलं नाही आणि वर गेल्यावर मी विचारणार आहे. मामीला मात्र असं काही विचारायचं नसतं. माझी आईही गेली; मामी आता मागच्या खोलीत माझ्यासोबत असते. नजर अधू झालीय, म्हणून रोज दिवेलागणीला मी वाचते आणि ती ऐकते. नंतर बायबल मांडीवर घेते, मधलं पान बरोबर शोधते आणि त्या पसरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही.

परवा मी विचारलंच. "काय मागतेस गं एवढं?"

"त्यांची भेट."

"आणि देवानं उशीर लावला तर?"

"थांबेन. थांबता येतं मला," मामी म्हणाली. "पण या वेळी रोज मागणार."