चिखल्याला कुणी सोडलं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांना कशातही खोट काढता येई. भाची अंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी तिच्या राक्षस पाळायच्या गेमचा नवा भाग हाताळला, आणि अंड्यापासून वाढवलेला तिचा लाडका चिखल्या राक्षस कायमचा रानात सोडून बसले. ती केस पुसत बाहेर आली, तशी त्यांनी आधीच तोफ डागली.

"तुझा हा नवा भाग म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं! रान झकास आहे, राक्षस मागेमागे येतात तेही गोड. पण अक्षरं मुंगीएवढी, आणि बटणाला नुसता धक्का लागला की राक्षस गायब! विचारायची रीतच नाही."

"मामा, चिखल्या कुठाय?"

"तेच सांगतोय की. गेला."

"पण गेम विचारतो, मामा. 'नक्की सोडायचं?' असं दोनदा विचारतो."

मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती पडद्यावरच्या चिखल्याच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली.

"विचारलं होतं गं," मामा खाली मान घालून पुटपुटले. "मीच न वाचता हो हो म्हणत सुटलो."