झोपून पारखलेला छकडा

गोजरबाईनं अकरा वर्षांत सात खोल्या बदलल्या, आणि सातही वेळा कुणीतरी तिला 'उठा' म्हणालं म्हणून. एका ठिकाणी भिंत पडली, दुसऱ्या ठिकाणी मालकाचा जावई राहायला आला. तिसरीकडं तर रावजीच्या खोकल्यानं शेजाऱ्यांची झोप मोडते म्हणून! रावजी तिचा नवरा. सोलापूरच्या गिरणीत पिंजणखात्यात त्यानं अठरा वर्षं कापूस छातीत भरून घेतला, आणि छाती भरल्यावर गिरणीनं त्याला घरी बसवलं. तेव्हापासून संसार चालला होता तो गोजरबाईच्या सुईवर. गिरणीच्या चिंध्या आणायच्या, आसपासच्या गावांतून हिंडायचं आणि लोकांच्या ओसरीवर बसून वाकळा शिवून द्यायच्या. तिची वाकळ पांघरलेला माणूस थंडीला शिव्या द्यायचा विसरायचा. ती मात्र दिवसभर कुणाला ना कुणाला शिव्या देतच असायची.

आठव्यांदा 'उठा' आलं ते बैलावरून. बहिणीची पायपीट बघवेना म्हणून धाकट्या भावानं हरण्या नावाचा बैल तिच्या दारात आणून बांधला. दुसऱ्या दिवशी मालकीण कमरेवर हात ठेवून उभी.

"बैल तरी ठेवा, न्हाय तर खोली तरी."

गोजरबाईनं आधी तिच्याकडं बघितलं, मग बैलाकडं. "बैल ठेवती. ह्यो मला उठ तरी म्हणत न्हाय."

ठरलं ते असं. एका बैलाला ओढेल असा जुना छकडा घ्यायचा, वर छप्पर असलेला, आणि पाडव्याच्या आत खोली सोडून त्यातच राहायला जायचं. कायमचं. कुणी उठ म्हणणार नाही अशी जागा जमिनीवर मिळत नाही ना, मग चाकांवर. एवढी साधी गोष्ट. पण ती बाजारात नेली आणि तिला शिंगं फुटली.

पहिला घोळ रावजीनं घातला. अक्कलकोटच्या रस्त्यावर तेव्हा सर्व्हिस मोटारी सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्यातली एक थकलेली मोटार मानसिंग डायवरनं नाक्याजवळ चिंचेखाली विकायला लावली होती. रावजी बायकोला तिथं घेऊन गेला.

"मावशी, पत्र्याचं छप्पर हाय," मानसिंग म्हणाला. "आत टिपूस येणार न्हाय."

"चालती का?"

"इंजन काढलंय. म्हंजी बिघडायची भानगडच मिटली की."

"मग वडायची कुणी?"

"बैल जुंपा. चार लागतील. चढ लागला तर सहा."

गोजरबाईनं कपाळाला हात लावला. तोवर रावजी पुढच्या बैठकीवर चढून भोंग्याचा रबरी फुगा दाबत होता. भों! भों! गिरणी सुटल्यापासून एवढा खूश तो कधी दिसला नव्हता.

"उतरा खाली! सहा बैल काय तुमच्या आज्यानं बांधून ठेवल्यात?"

"अगं गोजरे, बसून तर बघ. गादी हाय, गादी!"

"गादीत ढेकणं बी असतील. त्यांच्यासंगं करा जावा संसार."

मग नऊ दिवसांत तिनं नऊ छकडे बघितले. एकाचा आस वाकडा, एकाचं जू किडलेलं, एकाच्या तळाला एवढं भोक की खालून कोंबडी डोकावली. पारखायची तिची रीतही जगावेगळी. लोक चाक हलवून बघतात, आसाखाली वाकतात. ही सरळ वर चढायची, चिंध्यांचं बोचकं उशाला घ्यायची आणि आडवी व्हायची. घर घेताना माणूस झोपून बघणार नाही तर काय चावून बघणार, असं तिचं म्हणणं. आणि ती झोपायची ती उन्हं कलेपर्यंत. विकणारे वैतागायचे, आणि ते वैतागले म्हणून ही आणखी वैतागायची.

कल्लप्पाचा छकडा बघताक्षणी रावजीच्या मनात भरला. निळा-तांबडा रंग, दांडीवर पितळी फुलं, छपराला घुंगरं. कल्लप्पा अक्कलकोटकडचा, बोलण्यात निम्मी कानडी. भल्या सकाळी तो छकडा घेऊन त्यांच्या दारात आला, चाकं स्वच्छ धुतलेली.

"धाव ठोकून बघ की अण्णा," तो रावजीला म्हणाला.

रावजीनं धोंडा उचलून चाकावरची लोखंडी धाव ठोकली. ठण्! लोहारानं कालच चढवल्यासारखी घट्ट. "गोजरे, घेऊन टाकू."

"आधी मी झोपती."

"झोप की अक्का, तुझंच घर समज," कल्लप्पा हसून म्हणाला. पण ऊन चढायला लागलं तसा तो सारखा वर बघायला लागला. "अक्का, उठ की आता. मला होटगीला जायाचंय."

'उठ' ऐकल्यावर तर ती आणखीच ऐसपैस पसरली.

फाल्गुन निम्मा सरला होता. सोलापूरचं ऊन धोंड्याला घाम फोडत होतं. दुपारी तिच्या पाठीखाली काहीतरी कट् वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा कट्, मग कटकट, कटकट, कुणी बोटं मोडावीत तशी. ती उठून बसली. "आवं, हरण्याला जुंपा. नाक्यापतुर जाऊन येऊ."

"आता? एवढ्या उन्हात?" कल्लप्पा घाबरा झाला.

पन्नास पावलं गेली नसतील तोच डाव्या चाकाची धाव निसटली, रस्त्याच्या कडेनं आपली आपण घरंगळत गेली आणि एका बाभळीला टेकून पडली. कल्लप्पानं रात्रभर छकडा सोलापूरच्या कंबर तलावात उभा केला होता. पाणी पिऊन लाकूड फुगलं की सैल धावही घट्ट बसते, ऊन लागलं की लाकूड आक्रसतं. शेतकऱ्याच्या पोराला हे कळतं. पण रावजीचा जन्म गेला कापसात.

"उन्हाळ्यात समदेच भिजवत्यात अक्का," कल्लप्पा मान खाली घालून म्हणाला. "चाकाला बी तान लागती की."

"लागती व्हय? मग रोज रातच्याला तलावात जाऊन बसू का मी, म्हशीवानी?"

शेवटी छकडा सापडला तो सावित्रम्माकडं. तिच्या घाण्याचं करडईचं तेल वीस वर्षं या छकड्यातून गावोगाव गेलं होतं. आता डबे मोटारीनं जायला लागले आणि छकडा परसात पडून होता. काळाकुट्ट, रंग नाही, घुंगरू नाही. रावजीनं नाक मुरडलं. गोजरबाई आडवी झाली ती सांज होईतो. लाकूड हूं की चूं करीना. तेल पिऊन तृप्त झालेलं लाकूड; त्याला ना पावसाचं सोयर, ना उन्हाचं सुतक.

ती समाधानानं उठली आणि रावजी ओरडला, "अगं, पाठ बघ!"

लुगडं पाठभर तेलकट. उशाचं बोचकं, त्यातल्या कोऱ्या चिंध्या, सगळं तेलात. आता हिच्या वाकळा कोण अंगावर घेणार?

"देवा!" गोजरबाईनं बोचकं आपटलं. "घर मिळालं तर धंदा बुडायचा! माझ्यासंगं तुझं वाकडं तरी काय हाय?"

"वरडतीस कशाला तंगी?" सावित्रम्मानं तिला कानडीत धाकटी बहीण म्हणत शांतपणे विचारलं. "चाकातलं तेल ऱ्हाऊ दे. बुडच्या फळ्यांतलं काढ. पांढरी माती थाप, वाळव, खरवड. पुन्हा थाप."

बदल्यात तिनं सहा वाकळा मागितल्या आणि छकडा दिला. नऊ दिवस गोजरबाई माती थापत होती, खरवडत होती आणि मातीला, तेलाला, रावजीला आळीपाळीनं झोडपत होती. दहाव्या दिवशी तिनं फळीवर पांढरी चिंधी घासून बघितली. चिंधी पांढरीच राहिली. मग तिनं खोलीची किल्ली मालकिणीच्या हातात दिली. दिली म्हणजे जवळजवळ फेकलीच.

पाडव्याला त्यांनी होटगीच्या टेशनाजवळ कडुनिंबाखाली छकडा उभा करून बैल सोडला. तीन दगडांवर भाकरी झाल्या. गोजरबाई आत बसून वाकळीला दोरा घालतेय न घालतेय तोच चावडीवरचा शिपाई काठी आपटत आला.

"ए बाई, हितं कुटं घर मांडलंस? उठ, उठ! हलीव गाडी!"

रावजीनं डोळे मिटून घेतले. आता बायकोचा तोंडपट्टा सुटणार आणि शिपाई काठीसकट पळणार.

"कुटं जावं म्हंता?" गोजरबाईनं सुईवरची नजर न काढता विचारलं.

"वड्याच्या पल्याड."

"जातो की."

शिपाई चक्रावला, रावजीही. ना भांडी गोळा केली, ना बोचकी बांधली, ना शेणानं जमीन सारवून दिली. रावजीनं हरण्याला जुंपलं, छकडा हलला. आत गोजरबाई जागची उठलीही नाही; तिचा टाका चालूच होता.

"सावकाश हाका की वो!" ती खेकसली. "टाका वाकडा पडला."