कोंडाबाईचं पाचवं करवंद

आधार कार्डावर कोंडाबाईचं वय एकाहत्तर आहे. तिला विचारलं तर म्हणते, "कार्ड लिवणाऱ्याला म्हाईत." तोरण्याच्या पायथ्याला धनगरवाड्यात तिचं घर. पंचवीसेक शेळ्या, मुलगा संपत आणि सून प्रगती. वर्षाचे अकरा महिने ती कुणा ना कुणाचं ऐकते. पण वैशाख सरत आला, रानात करवंदं काळी झाली, की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

यंदा मात्र संपतनं तिला अडवलं. गेल्या साली म्हातारी जाळीत इतकी आत घुसली की लुगडं चारी अंगांनी काट्यांत अडकलं. सोडवायला गेलेला संपत ओरबाडून निघाला, आणि ही आत बसून निवांत खात होती.

"यंदा जाळीकडं फिरकायचं न्हाई, आये. करवंदं म्या हितं आणून दीन."

"आणून दिल्याली करवंदं आजाऱ्यानं खावीत."

चार दिवस घरात हेच. शेवटी संपत वैतागला. शेजारच्या बनाबाईनं करवंदांचा द्रोण पाठवला होता, तो त्यानं आईपुढं आदळला.

"पाच वळख. कोंबडा का कोंबडी. एक जरी चुकलं तरी घरी बसायचं."

हा पोरासोरांचा खेळ. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. पोरं आपली ठोकून देतात. कोंडाबाईला मात्र डोंगरातली एकेक जाळी पाठ होती. कुठलीचं फळ आतून कसं, ते ती देठावरून सांगायची. संपतच्या हे ध्यानातच आलं नाही.

"ह्ये टाक्यावरलं. कोंबडा."

संपतनं फोडलं. लाल.

"ह्ये लांबुळकं घळीतलं. कोंबडी."

पांढरं. तिसरं बरोबर, चौथंही बरोबर. प्रगती भाकरी थापायची सोडून दारात आली आणि पिठाच्या हातांनीच टाळ्या पिटू लागली. पीठ संपतच्या डोक्यावर.

पाचवं कोंडाबाईनं तीनदा फिरवलं. गोल, टपोरं, देठाशी खरबरीत. ही जाळी तिच्या वळखीची नव्हती.

"बनी कुठं कडमडली हुती कुणास ठाव," ती पुटपुटली.

"बोल की! आता का मुकी झालीस?"

"कोंबडा!"

संपतनं ते दोन बोटांत धरलं, मोठ्या ऐटीत हात मागं नेला, "बघा हां..." आणि मागं बांधलेल्या शेळीनं ते अलगद उचललं.

"खेळ रद्द!"

"रद्द कसा? तोंड उघड तिचं!" कोंडाबाई शेळीच्या जबड्याला भिडली. "ही बघ जीभ! लाल हाय! कोंबडाच!"

"शेळीची जीभ असतीच लाल, आये!"

शेळी कोकलायला लागली. हसून हसून वाकलेल्या प्रगतीनं तिच्या गालफडात बोटं घातली आणि चावलेला अर्धा तुकडा बाहेर काढला. कोंडाबाई खेटूनच उभी होती, तिला दिसलं. पांढराफेक.

प्रगतीलाही दिसलं. संपत शेळीला वळसा घालून येईस्तोवर तिनं तो तुकडा गपकन तोंडात टाकला.

"कोंबडा," ती म्हणाली.

"अगं, शेळीचं उष्टं!"

"मग टाकून दीऊ व्हय? लालेलाल हुता. आता सोडा आत्याबायना. अन् एकट्या नगंत, सोबतीला म्या जाती."

संपतनं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, शेळीकडंही बघितलं. कोंडाबाई सुनेकडं बघतच नव्हती. बघितलं असतं तर तिथंच हसू फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत दोघी जाळीत.

"का गं, खोटं का बोललीस?"

"लगीन झाल्यापास्नं दर साली तुमी पोट भरून येता, अन् म्या घरी भाकऱ्या थापती. तुमचं जाणं बंद झालं तर माझं कवा सुरू व्हायचं?"

कोंडाबाईनं आकडीनं वरची फांदी ओढली आणि सगळ्यात काळा घोस सुनेच्या बाजूला वळवला. मग दोघी खातच सुटल्या. चिकानं तोंडं चिकटून बसली होती. हसायला गेलं तर नाकातून नुसता फुर्रर आवाज निघत होता.