बाईंना चेंडू लागला तो आठवडा

कल्पना करा, तुम्ही मैदानाच्या कडेला उभे आहात. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले. एक उठला आणि माती झटकत म्हणाला, "काही नाही झालं." रक्त नाही, टेंगूळ नाही. त्याला पुन्हा खेळायला सोडायचं की बसवायचं, हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. काय बघाल?

खेळाच्या बाई आधी डोळे बघत. मग काहीतरी साधं विचारत आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघत. मेंदूला बसलेला हादरा बाहेरून दिसत नाही, माणूस बदललेला तेवढा दिसतो, असं त्या मुलींना शिकवत. मागे नवऱ्याचं डोकं गॅरेजमध्ये गाडीच्या उघड्या बॉनेटवर आपटलं होतं, तेव्हा तो घरी येऊन बूट काढतोय तोवर त्यांनी ओळखलं होतं. गॅरेजमध्ये त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, आणि त्या दिवशी रेडिओ बंद होता.

सोमवारी सराव घेताना हँडबॉल बाईंच्या कानामागे बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "काही नाही गं, खेळा," म्हणत त्यांनी शिट्टी फुंकली.

संध्याकाळी घरात ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत खुपायला लागला. दूध उतू गेलं. मुलावर त्या उगीचच खेकसल्या.

"आज पारा चढलाय," नवरा म्हणाला.

"दमलीय रे ती," सासूबाई म्हणाल्या.

"ती कधी दमलेली नसते?"

बाईंनाही ते पटलं. डोकं काय, दुखतच असतं. झोप काय, कधीच पुरत नाही. रोज सकाळी गोळी घ्यायची, डबे भरायचे आणि शाळा गाठायची, असा आठवडा ढकलला. शनिवारी आंतरशालेय सामना होता आणि पंच त्याच होत्या.

शुक्रवारी वर्गात त्यांनी मुलींना पुन्हा सगळं सांगायला घेतलं. "डोकं जड होतं. उजेड नको वाटतो. चिडचिड होते, विसरायला होतं, कशात मन लागत नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग माझ्या आईला तर रोजच डोक्याला मार लागत असणार."

वर्ग खिदळला. बाईही हसायला गेल्या, पण हसता हसता खुर्चीत बसल्या. पुढे काय सांगायचं होतं, ते त्यांना आठवेना. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं.

"इतके दिवस अंगावर काढलंत?" डॉक्टर म्हणाले. "उद्या मैदानावर दुसरा फटका बसला असता म्हणजे?" म्हणजे काय, ते बाई स्वतःच तर शिकवत होत्या: पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेततं.

शनिवारी शिट्टी दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात होती. बाई पडदे ओढलेल्या खोलीत पडून होत्या. नवरा चहा घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"सांगायचंस तरी."

"मलाच कुठे कळलं?"

"माझं बरं कळलं होतं लगेच."

"तुम्ही गप्प झालात म्हणून. एरवी कसे असता, ते मला पाठ आहे."

रेडिओने चहावर बशी झाकली.

"एक विचारू?" बाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "मी बरी असते तेव्हा कशी असते, आठवतं का हो तुम्हाला?"