एकट्या माणसाची गाडी

मल्लप्पाला एका जागी बसलेलं सोलापुरात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो येरझाऱ्या घालत प्यायचा. कपात निम्मा, वाटेवर निम्मा. होटगी रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज. ओझ्याने दबलेले ट्रकचे कमानपाटे काढायचे, भट्टीत तापवायचे, ठोकून पुन्हा कमानदार करायचे, हा धंदा. एसटीतून जाताना खड्डा लागला की तो शेजाऱ्याला हळूच सांगायचा, "डाव्या अंगाचा पाटा चिरलाय," आणि शेजारी उजवीकडे सरकून बसायचा.

पंचाहत्तर सालच्या जानेवारीत त्याच्याकडे अकलूजच्या एका ऊसवाल्या बागाईतदाराचा मुलगा आला. नाव श्रीमंत, आणि परिस्थितीने नावाला कुठे कमीपणा येऊ दिला नव्हता. मुंबईहून घेतलेली दोन दारांची जुनी विलायती गाडी, टप उडवलेली. मद्रासजवळ शोलावरमला शर्यत होती, तिथे तो ही पळवणार होता.

"गाडी खाली बसवायची," श्रीमंत म्हणाला.

मल्लप्पाने कान खाजवला. "पंचवीस वर्सं बसलेल्या गाड्या उटवतोय मालक. तुमी उटलेली बसवा म्हंताय."

"खाली असली की रस्त्याला धरून पळते. वळणावर उलटत नाही."

"मग बसवू की."

चार दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पुढच्या स्प्रिंगा बसक्या केल्या, मागचा आडवा कमानपाटा सपाट करत आणला. येता-जाता तो स्टिअरिंगशेजारची सीट बाहीने पुसायचा. त्या सीटवर धूळ बसायला वेळच मिळाला नाही.

आता, रिकाम्या गाडीचं माप मल्लप्पा कधीच घेत नसे. सोलापूर जिल्ह्यात रिकामी गाडी असते कुठे? जीप असो, टेम्पो असो, निघेपर्यंत चार माणसं आणि एक बोचकं चढलेलंच असतं. म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवर श्रीमंत, शेजारी टायरवाला हरिबा आणि मागे ज्वारीचं पोतं असं भरून चाकांना मापाची दोरी लावली. मागची चाकं ओळंब्यासारखी सरळ उभी. मल्लप्पा खूष झाला. श्रीमंत गाडी घेऊन कुंभारीला मित्राच्या माळावर सरावाला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रकवर चढून मद्रासला निघणार होती.

मल्लप्पा घरी जेवायला बसला. म्हणजे एक गुडघा तेवढा टेकला. शर्यत म्हणजे काय, ते तो बायकोला, मायाक्काला, समजावून सांगत होता.

"आन् शेजारी कोन बसतंय त्यांच्या?" मायाक्काने विचारलं.

"कुनी न्हाय. एकलेच असत्यात."

"एवडी गाडी आन् एकलेच? मग त्या हरिबाला कशापायी कोंबला हुता?"

मल्लप्पाचा घास हातातच राहिला. हरिबा उतरला, पोतं उतरलं, की मागचा पाटा वर उठणार. पाटा उठला की चाकं खालून आत वळणार, लाजून पाय जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. आणि भर वेगात, वळणावर, बाहेरचं चाक अंगाखाली दुमडून गाडी श्रीमंतसकट उलटणार.

"अवो, भाकरी तरी..." मायाक्का म्हणेपर्यंत सायकल कोपऱ्यावर पोचली होती. कॅरिअरला जॅक आणि पान्ह्यांची पिशवी. सगळी वाट त्याच्या डोळ्यांसमोर एकच चाक दुमडत होतं. पुढून धूळ उडाली की त्याला वाटे, झालं. निघे शेळ्यांचा कळप.

माळावर चुन्याने रिंगण आखलं होतं. श्रीमंत वळणावर आला, गाडीचा मागचा भाग वीतभर उचलला गेला आणि ती चुना ओलांडून घसरत बाहेर गेली.

"जरा नाचतेय," श्रीमंत हसत म्हणाला. "मजा येते."

"नाचत न्हाय मालक, पडायला बगतीया. चूक माजी हाय. मी तुमाला हरिबासंगट मापलं."

श्रीमंतचं हसू थांबलं. तो उतरायला लागला.

"उतरू नका. आता तुमीच पोतं."

दोन तास श्रीमंत उन्हात स्टिअरिंग धरून बसला. जानेवारी असला तरी ऊन सोलापूरचंच. मल्लप्पा खाली शिरे, बाहेर येई, पाटा सोडी, त्याच्या थरातलं एक पान काढी, दोरी लावी, पुन्हा खाली.

"मल्लप्पा, भाकरी आणलीय. खाऊ का?"

"वजन बदलंल."

"पाणी?"

"फुलपात्रभर."

शेवटी मागची चाकं पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी झाली. श्रीमंतने दहा फेऱ्या मारल्या, आधी सावकाश, मग जोरात. गाडी एकदाही चुन्यावर गेली नाही. मल्लप्पा रिंगणाबाहेर तिच्याबरोबर धावत होता.

श्रीमंतने दुसरं दार उघडलं. "ये, बस."

मल्लप्पाने सीटवर हात ठेवला आणि काढून घेतला. "दोन झालो की चाक घासतंय. एकल्याची गाडी हाय ही."

"मग मी उतरतो. तू एकटा जा."

मल्लप्पा मूठभर हाडांचा. वजन भरावं म्हणून त्याने जॅक मांडीवर घेतला, पिशवी घेतली, आणि बैलगाडीच्या चालीने एक रिंगण पुरं केलं. तेवढा वेळ तो हलला नाही.

मग उतरला. गाडीभोवती फिरला. खाली वाकून पाहिलं.

"डाव्या अंगाला अर्दा आटा ढिला वाटतोय," म्हणाला, आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

श्रीमंतने भाकरीचं फडकं नुकतंच सोडलं होतं. ते त्याने पुन्हा बांधलं आणि तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.