दादाची भट्टी, संघाची भट्टी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सुरतेत दुकानाचं शटर वर करत होतो. "भाऊजी, तुमचे दादा गेले..." एवढंच. महिना होत आला, पण अजून फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. केजजवळच्या आमच्या गावात दूध संघात नोकरीला होता. सातवीतून शाळा सोडलेल्या मला त्यानंच खवा आटवायला शिकवलं. आज माझं मिठाईचं दुकान उभं आहे ते त्याच शिकवणीवर. एका दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, तिथून संघापर्यंत येईस्तोवर दूध नासायला लागलं. दादाला कुणी सांगितलं नव्हतं, पण चेअरमनच्या मागं लागून त्यानं छावणीतच संघाची खव्याची भट्टी लावली. दूध वाचलं. लोक तिला दादाची भट्टी म्हणायचे आणि तो चिडायचा, संघाची म्हणा म्हणायचा. पुढं छावणी उठली, भट्टी गावात आली, संघ बंद पडला आणि भट्टी चेअरमनच्या भाच्याची झाली. भाच्याच्या माणसांना आच कशी धरायची ते शिकवायला पुन्हा दादाच.

मागं एकदा गावी गेलो तेव्हा मी दादाशी लई भांडलो. डोकं तुझं आणि मालक दुसरा, हे कावून? चल सुरतेला, भागीत करू. तो कढईतलं उलथनं न थांबवता म्हणाला, "तुजं दुकान बुडलं तर तू दुसरं काढशील बे. म्या हितून उठलो तर गावाचं दूध कुटं जाईल?"

मालकाला धंदा बंद करता येतो, हे मला तोवर सुखाचंच वाटत आलं होतं...

तेराव्याला गेलो तर विहिरींचे तळ उघडे पडलेले, पुन्हा छावणीची बोलणी चाललेली. भाचा भेटला, नीट बोलला. परवडत नव्हतंच, दादा विझवू देत नव्हते म्हणून चालवली, म्हणाला. मी मान डोलावली. मीही मालकच.

काल वहिनींचा फोन आला. भट्टीला कुलूप लागलंय, तरी लोक सवयीनं पहाटे कॅन घेऊन दादाच्या दारात येऊन उभे राहतात. दादा बाहेर येईल असं बघत राहतात म्हणे. त्यांना काय सांगू, असं वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, बघतो, दोन दिवसांत कळवतो.

वहिनी म्हणाल्या, "उन्हं चढायच्या आत सांगा, भाऊजी. दूध थांबत न्हाई."