राजाची उडी

रविवारी सकाळी पूर्णेकडची गाडी परभणीत शिरली की माझं लक्ष दाराकडं लागायचं. थोड्याच वेळात स्टेशन रोडवरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात सितारामकाका चपला काढताना दिसायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. बोटं मोडत या टेबलापासून त्या टेबलापर्यंत येरझाऱ्या घालायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे.

"सर, मशीन आडायलंय. काय बसवावं त्याला?"

हे मशीन मीच त्यांच्या गळ्यात मारलेलं. त्र्याण्णव साली क्लासला नव्या मशिनी घेतल्या, तेव्हा जुनं २८६ जातीचं मशीन कुणी विचारीना. मग एके दिवशी पूर्णेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा बुटका, ताठ माणूस आला आणि म्हणाला, "ह्याच्यात बुद्धिबळ येतं म्हन्तेत, खरं का?" मी एक डाव खेळून दाखवला. काकांनी सगळं पोत्यात गुंडाळलं आणि पॅसेंजरनं घरी नेलं. पूर्णेत घरी कॉम्प्युटर, तोही निव्वळ खेळायला! मला हसू आलं होतं. पण ते फार दिवस टिकलं नाही.

अडतंय म्हणजे हळू चालतंय, असं मी धरून चाललो. जुनं मशीन, हळूच चालणार. काकांनी कुठून कुठून सुट्या भागांची नावं गोळा केली होती आणि दर रविवारी त्यातलं एक माझ्यापुढं टाकायचे.

"मेमरी वाढवली तर?"

"काही फरक पडायचा नाही. तुमचा प्रोग्रॅम आहे तेवढ्यात आरामात मावतो."

"मग ती गणिताची चिप?"

"ती इंजिनिअर लोकांच्या आकडेमोडीला. तिचा बुद्धिबळाला काडीचा उपयोग नाही."

"रंगीत पडदा?"

"घोडा रंगीत दिसेल काका, शहाणा व्हायचा नाही."

शेवटी मी छातीठोकपणे सांगितलं की बोर्डच बदला, त्याहून वेगवान ३८६ टाका. तेवढ्याच वेळात मशीन आणखी पुढच्या चाली बघेल. "त्यानं आडनं जाईल?" त्यांनी विचारलं. जाईल म्हणालो. बोर्ड बसला, मशीन चुटकीसरशी चाली करायला लागलं, आणि पुढच्या रविवारी काका पुन्हा दारात हजर.

"सर, तितंच आडायलंय."

माझं डोकंच फिरलं. पोरांसमोर मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला बुद्धिबळ खेळायचंय की रॉकेट उडवायचंय?" ते रागावले नाहीत. चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "तुमी एकदा घरी येऊन बघा."

गेलो. पाने-पकडी घेऊन गेलो. सगुणाबाईंनी, म्हणजे काकूंनी, चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "त्याला तरी नीट करा, न्हाई तर ह्यांना तरी करा. जेवताना बी बोटं हालायलेत ह्यांची."

काका मशीनपुढं बसले. मला वाटलं, मशीनशी खेळतील. पण ते पांढऱ्याच्याही चाली करत होते आणि काळ्याच्याही. विचार करायला क्षणभरही थांबत नव्हते. प्यादी एकेक घर सरकत होती, उंट निघाले, हत्ती सरकले. मग त्यांनी काळा राजा निवडला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडं न्यायला बटण दाबलं. मशीन टुंग करून ओरडलं. राजा जागचा हलला नाही. पुन्हा बटण, पुन्हा टुंग.

"बघा. आडलं."

"अहो, ही चालच नाही!"

"न्हाई कशी? शह बसायच्या आदी राजाला एकदा घोड्याची उडी आस्ती. लेकरालाबी ठाव हाय हे."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं गावोगाव पारावर असंच खेळतात. माझे वडीलही असंच खेळायचे. मशिनीला मात्र परदेशी नियम तेवढे शिकवलेले. आणि हा माणूस इतके महिने समजत होता की मशीन गरीब आहे, एखादा भाग कमी आहे, म्हणून त्याला उडी येत नाही.

"कोनत्या कार्डात ती उडी येती, तेवडं सांगा," ते म्हणाले.

मी हसणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडं बघून हसू गिळलं. "हा डाव कुणाचा आहे, काका?" मी विचारलं.

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. मग सांगायला लागले. शेडमध्ये पालमकडच्या एका गावचे व्यंकटराव त्यांच्या जोडीला होते. जेवणाच्या सुट्टीत रोज दोघांचा डाव पडायचा. अठ्ठ्याहत्तर साली असाच डाव रंगला, काकांनी राजाची उडी मारली आणि तेवढ्यात भोंगा झाला. उद्या चाल करतो, म्हणून व्यंकटराव गावाला गेले. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नावावरून जाळपोळ पेटली. व्यंकटरावांच्याच गावात, दलित वस्तीत काकांच्या भावाचं घर होतं. ते जाळलं. भाऊ बायकापोरं घेऊन रानातून पूर्णेला आला.

"व्यंकटनं न्हाई जाळलं. ते म्या कदी म्हनलो न्हाई," काका म्हणाले. "पन इचारायला तरी यायचं का न्हाई? आलाच न्हाई. बदली करून घेतली. आता गावाकडंच आस्तो म्हन्तेत. पंदरा वर्सं झाली. त्यानं काय चाल केली आस्ती, एवडंच बघायचंय मला."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी करावं म्हणून मी मशिनीतली मोहरे हवे तसे मांडायची सोय उघडली, काळा राजा उचलून उडीच्या घरात ठेवला आणि पांढरी बाजू मशिनीला दिली. नव्या बोर्डानं क्षणात हत्ती हलवला. मी खुशीत म्हणालो, "घ्या! झाली चाल!"

काकांनी पडद्याकडं पाहिलं. "ही ह्याची झाली. त्याची न्हाई," म्हणाले आणि मशीन बंद केलं.

परतीच्या गाडीत मी चडफडत होतो. काकांवर नव्हे, त्या न पाहिलेल्या व्यंकटरावावर. हा माणूस तिकडं सुखानं भाकर कशी खातो? जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पूर्णेत मिरवणूक निघाली, काही ठिकाणी बंद झाले, एसटी थांबली. ती सुरू झाल्याबरोबर मी पालमची गाडी धरली आणि विचारत विचारत त्या गावी पोचलो. व्यंकटराव ओट्यावर तुरी निवडत होते. वाटेत चांगलं खरमरीत बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं:

"पूर्णेला सितारामकाकांनी उडी मारून ठेवलीय. चाल तुमची आहे."

मी कोण, कुठला, काही विचारलं नाही त्यांनी. सूप बाजूला सरकवलं. "डाव हाय आजून मांडल्याला?"

"त्यांच्या डोक्यात आहे."

"माज्या बी हाय," ते म्हणाले, आणि टोपी शोधायला आत गेले.

पूर्णेत मशिनीवर काकूंनी चादर टाकलेली होती. व्यंकटरावांनी काकूंच्या हातचं पाणी घेतलं, ते सगळं प्यायले. काकांनी कापडी पट अंथरला. दोघंही मोहरे लावत गेले. एकानं लावलेलं दुसऱ्याला हलवावं लागलं नाही. शेवटचं प्यादं बसलं तसं व्यंकटरावांनी आपलाच पांढरा राजा उचलला आणि पटावर आडवा ठेवला.

"तुज्या भावाचं घर जळत हुतं तवा मी दार लावून आत बसलो, सिताराम. भ्यालो. मंग तुला तोंड दावायला बी भ्यालो. मी तवाच हारलो हुतो."

काकू दारातच थबकल्या. मी काकांच्या हातांकडं बघत होतो. बोटं मोडायची थांबली होती. त्यांनी हात पुढं केला, आडवा पडलेला राजा उचलला आणि पुन्हा त्याच्या घरात उभा केला.

"आसं हारू नगंस," ते म्हणाले. "चाल कर."